आदल्या रात्रीचं मटण, ड्रममधली कोंबडी आणि आजीच्या चान्या

जयंती पंधरा दिवसांवर आली आणि आमच्या गल्लीतल्या पोरांनी एक नवा बेत काढला. १४ एप्रिलला सकाळी विहारात वंदना, दुपारी घरोघरी खीर-पुरी आणि संध्याकाळी मिरवणूक हे दरवर्षीचं. १५ तारखेला लेकी-जावई, आत्या, मामा, नातवंडं असा सगळा गोतावळा जेवायला थांबतो आणि त्या दिवशी मटण नाहीतर कोंबडी होते, हेही दरवर्षीचंच. यंदा नवा आहे तो ड्रम. पत्र्याचा मोठा ड्रम आडवा कापायचा, आत जाळी बसवायची, खाली कोळसा आणि लाकडाचे तुकडे पेटवायचे आणि झाकण लावून कोंबडी धुरावर शिजवायची, असं पोरांनी मोबाईलवर पाहिलं. वीस किलो कोंबडी १३ तारखेच्या रात्रीच धुरावर लावायची, म्हणजे १४ ला मिरवणुकीसाठी सगळे मोकळे. १५ ला नुसतं वाढायचं.

बेत पक्का करण्याआधी ती आमच्याकडे विचारायला आली, हे चांगलं केलं. प्रश्न एकच होता. "धुरी दिलेलं मांस टिकतं ना? आमची आजी सांगते, तिच्या आईच्या घरी मांस पावसाळाभर टिकायचं. तेव्हा कुठे फ्रीज होता?"

आजी खोटं सांगत नाही. पण आजीच्या आईच्या घरचं मांस आणि पोरांच्या ड्रममधली कोंबडी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. त्यातला फरक लक्षात घेतला नाही, तर १५ तारखेच्या रात्री अर्धी गल्ली दवाखान्याच्या व्हरांड्यात दिसेल. म्हणून या महिन्याचं आरोग्याचं पान आम्ही याच विषयाला दिलं आहे. मांस खावं की नाही, जयंतीच्या आसपास खावं का, हा वाद आपल्या समाजात आहे आणि तो होत राहील. या पानावर तो नको. ज्या घरी शिजणारच आहे, त्या घरासाठी आम्ही लिहितो आहोत.

चान्या का टिकायच्या?

आजी ज्याबद्दल बोलते त्या चान्या. आजही साठी-सत्तरीतल्या बायकांना विचारा, त्या हाताने मापं दाखवत सांगतील. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांच्या स्वयंपाकाची नोंद शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ सालच्या पुस्तकात केली आहे, त्यातही चान्या आहेत. त्यासाठीचं मांस कुठून यायचं आणि का यायचं, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मेलेल्या जनावराचं मांस सोडा, असं बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत सांगितलं आणि हळूहळू घराघरातून ते सुटलं. ते सुटलं हे योग्यच झालं. पण मांस टिकवण्याची जी रीत त्या बायांनी हाताशी धरली होती, ती अडाणीपणाची नव्हती. उलट ती नीट समजून घेतली तर आपला प्रश्न सुटतो.

मांसात चार हिश्श्यांपैकी जवळजवळ तीन हिस्से पाणी असतं. जंतूंना वाढायला हेच पाणी लागतं. चान्यांसाठी मांसाच्या हाड नसलेल्या, लांब, पातळ पट्ट्या कापायच्या. त्यांना मीठ लावायचं. मग दोरीवर टांगून किंवा छपरावर पसरून उन्हाळ्याच्या कडक उन्हात वाळवायच्या. एक दिवस नव्हे, लाकडासारख्या खडखडीत होईपर्यंत. मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं, उरलेलं ऊन आणि वारा नेतात. पट्टी पातळ असल्यामुळे ती आतून नासण्याआधीच वाळते. किलोभर मांसाचा जेमतेम तिसरा हिस्सा उरतो, आणि त्यात जंतूला जगण्यापुरतंही पाणी नसतं. मग त्या मडक्यात भरून ठेवायच्या आणि पावसाळ्यात निखाऱ्यावर भाजून नाहीतर कालवणात टाकून खायच्या. मुंबईकडे सुकट-बोंबील टिकतात ते याच कारणाने.

चुलीचा धूर यात होता का? होता, पण तो मदतनीस म्हणून. धुराने माश्या बसत नाहीत, आणि धुरात असे काही पदार्थ असतात की ते मांसाच्या वरच्या थरावर जंतूंची वाढ रोखतात. नागालँडमध्ये डुकराचं मांस चुलीच्या वर टांगून दिवसच्या दिवस, कधी आठवडेच्या आठवडे धुरावत ठेवतात. तिथेही मांस टिकतं ते धुरासोबत वाळत जातं म्हणून. धूर आत शिरून मांसाचं रक्षण करतो ही समजूत चुकीची आहे. तो वरवर बसतो.

आता पोरांची कोंबडी पाहा. अख्खी तंगडी, हाडासकट. दोन-तीन तास धुरावर. बाहेरून तांबूस-काळी, आतून रसरशीत. रसरशीत म्हणजेच पाण्याने भरलेली, आणि खाणाऱ्याला ती तशीच हवी असते. वास चान्यांचा, पण अंगात पाणी ताज्या कोंबडीएवढं. अशी कोंबडी १३ च्या रात्रीपासून १५ च्या दुपारपर्यंत एप्रिलच्या उकाड्यात टोपात ठेवायची म्हणजे साधी शिजवलेली कोंबडी दीड दिवस बाहेर ठेवण्यासारखंच आहे. मिठाच्या पाण्यात बुडवली, दही लावलं, मसाला चोपडला तरी त्यात फरक पडत नाही.

मग आता लगेच वाळवून चान्याच करू, असंही कुणी मनात आणू नये. ते मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली, कोरड्या हवेत, बिनचरबीच्या मांसावर करायचं काम आहे. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पट्ट्या वाळण्याआधी आंबतात. कोंबडीच्या चान्या आम्ही तरी कुठे पाहिल्या नाहीत.

आमच्या घरी काय झालं होतं

धुराचं सोडा, आपल्याकडे खरा घोळ होतो तो आदल्या रात्री शिजवलेल्या मटणाचा. आमच्याच घरातली गोष्ट सांगतो, दुसऱ्याच्या घरची सांगितली की बोट दाखवल्यासारखं होतं.

तीन वर्षांपूर्वीची जयंती. दुसऱ्या दिवशी चौतीस माणसं जेवायला. नळाला पाणी पहाटे पाऊण तास, घरात दोन बर्नरची शेगडी, आणि सकाळी पाव्हण्यांचा चहा-नाश्ता. म्हणून मोठ्या वहिनींनी १४ ला दुपारी चारलाच मटण चढवलं. रात्री नऊला गंज उतरवला. वर बोटभर तर्री, घरभर वास. वरून परात झाकली, परातीवर पाट्याचा दगड ठेवला आणि गंज कूलरसमोर सरकवून सगळे मिरवणुकीला गेले. बायकांनाही मिरवणूक पाहायची असते, त्यांनीही वर्षभर वाट पाहिलेली असते. त्यांनी दिवसभर चुलीपाशीच राहावं असं म्हणणाऱ्यांनी हे पान पुढे वाचू नये.

दुसऱ्या दिवशी एक वाजता गंज गरम केला, म्हणजे खालून चटका बसेल इतका. वरचं मटण कोमटच होतं. चव उत्तम. कुणी दोनदा, कुणी तीनदा घेतलं. रात्री अकराच्या सुमारास पहिल्याच्या पोटात मुरडा आला. पहाटेपर्यंत चौतीसपैकी एकोणीस जण संडासच्या रांगेत. वस्तीतला सार्वजनिक संडास, रात्रीचा अंधार, आणि पोट धरून उभी असलेली म्हातारी माणसं. कुणाला ताप नाही, उलटी एखाद-दुसऱ्यालाच. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीला आणि चार वर्षांच्या नातवाला सलाईन लावावं लागलं. बाकीचे दुसऱ्या रात्रीपर्यंत सावरले.

मग शोध सुरू झाला. एक म्हणाला कसायाने शिळं दिलं. दुसरा म्हणाला तेल जास्त झालं. कुणी म्हणालं नजर लागली. हे आपल्या घरात, बाबासाहेबांच्या फोटोसमोर बसून! आणि शेवटी सगळ्यांच्या नजरा जिथे जायच्या तिथेच गेल्या, मोठ्या वहिनींकडे. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मात्र आजीला तपासताना एवढंच विचारलं, "जेवलात किती वाजता? दुखायला लागलं कधी? मटण रात्रीचं होतं का?" तिन्ही उत्तरं ऐकून त्यांनी मान हलवली. पुढच्या वर्षी मोठ्या वहिनींनी गंजाला हात लावला नाही.

मटण ताजं होतं, तेल नेहमीचंच होतं, वहिनींचे हात स्वच्छ होते. गंज रात्रभर कोमट राहिला, एवढंच झालं होतं.

मांसात, मातीत, आतड्यात सापडणारा एक जंतू आहे, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. लग्नाकार्यातल्या मोठ्या भांड्यांशी त्याची जुनी ओळख आहे. मटण उकळलं की बाकीचे जंतू मरतात, पण हा स्वतःभोवती टणक कवच करून बी होऊन बसतो आणि उकळीतून वाचतो. भांडं निवायला लागलं, ५० अंशांच्या खाली आलं, की बी उगवतं. ४३ ते ४७ अंश ही त्याची सर्वांत आवडती गरमी. त्या गरमीत एकाचे दोन व्हायला दहा-बारा मिनिटं पुरतात. हिशोब करून पाहा. दर दहा मिनिटांनी दुप्पट धरलं तर तासाभरात एकाचे ६४ होतात आणि दोन तासांत चार हजारांच्या वर. त्याला हवा नको असते. उकळताना रश्शातली हवा निघून जाते आणि वरून तर्रीचा थर आणि झाकण. म्हणजे आपण मटण जपून ठेवतो आहोत असं समजून जे करतो, ते नेमकं त्याच्या सोयीचं असतं. "तर्रीखाली मटण खराब होत नाही" हे आम्हीही लहानपणापासून ऐकत आलो. ते खरं नाही.

असं मटण खाल्ल्यावर हे जंतू आतड्यात जाऊन विष सोडतात. म्हणून त्रास लगेच होत नाही. सहा ते चोवीस तासांनी, बहुतेकदा आठ-बारा तासांनी मुरडा आणि जुलाब सुरू होतात, आणि साधारण एका दिवसात थांबतात. आणि वास? चव? रंग? काहीच बदलत नाही. "वास घेऊन पाहिला, चांगलं होतं" हा पुरावा इथे चालत नाही.

गंज जितका मोठा तितका तो हळू निवतो. तांब्याभर रस्सा अर्ध्या तासात निवेल, पण वीस लिटरचा भरलेला गंज रात्री नऊला उतरवला तर पहाटे त्यात हात घालून पाहा, मध्यभाग अजून उबदार लागतो. कूलरची हवा आपल्याला गार वाटते, कारण आपल्याला घाम येतो. गंजाला घाम येत नाही. सुरक्षित गारवा म्हणजे ५ अंश किंवा त्याहून कमी, आणि सुरक्षित गरमी म्हणजे ६० अंशांच्या वर. मधल्या पट्ट्यात शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत एक तासच धरावा.

सकाळी पुन्हा खळाखळा उकळलं असतं तर? या एका जंतूपुरतं ते पुष्कळ उपयोगी पडलं असतं. पण स्वयंपाक करणाऱ्याच्या बोटावरची जखम, फोड किंवा नाक पुसलेला हात यातून दुसरा एक जंतू, स्टॅफिलोकोकस, अन्नात पडतो, आणि तो आधीच अन्नात जे विष करून ठेवतो ते उकळूनही जात नाही. त्याने अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधीही जोरात उलट्या सुरू होतात. उरलेल्या भाताचीही तीच कथा. रात्रभर बाहेर राहिलेला भात सकाळी फोडणी देऊन शुद्ध होत नाही.

मग बाईने काय करायचं?

रात्री शिजवू नका, असं सांगून आम्ही मोकळे होणार नाही. रात्री का शिजवावं लागतं तेही पाहायला हवं. पाणी, शेगडी आणि माणसं कमी असतात म्हणून. तेव्हा आदल्या दिवशी काय उरकायचं आणि काय नाही, एवढीच वाटणी नीट करायची.

कोरडं ते सगळं आदल्या दिवशी. मसाला भाजून कुटून ठेवा. लसूण सोला. कांदा चिरून ठेवला तरी चालेल. सुकं खोबरं भाजून डब्यात भरा, पण पाणी घालून वाटण मात्र सकाळीच करा, ओलं वाटणही रात्रभरात आंबतं. पिंपं भरून ठेवा, भांडी घासून पालथी घाला, सिलिंडर हलवून पाहा. विहारातली मोठी शेगडी कुणाकडे आहे ते १२ तारखेलाच शोधा. दरवर्षी ती ऐनवेळी तिसऱ्याच गल्लीत सापडते.

मांस मात्र त्याच दिवशी सकाळी आणायचं. कसायाला दोन दिवस आधी सांगून ठेवलं तर तो सात वाजता तोडून देतो. साडेआठला चुलीवर चढलं की साडेअकरापर्यंत दहा किलो मटण शिजतं, विशेषतः एकाऐवजी दोन गंजात घेतलं तर. साडेबाराला पहिली पंगत. शेवटची पंगत उठेपर्यंत गंज मंद आचेवरच ठेवायचा, वाफ दिसली पाहिजे. वाढायला बादलीत थोडं थोडं काढायचं. ती रिकामी झाल्याशिवाय वरून ओतायचं नाही.

पुरुषांनी सकाळी सहाला उठून कसायाकडे जायचं आणि कांदा-लसणाला बसायचं. हे आरोग्याच्या पानावर का लिहिता, असं कुणी विचारेल. सकाळी हात कमी पडतात म्हणूनच रात्री शिजवावं लागतं, म्हणून लिहितो.

आदल्या दिवशीच मांस आणावं लागलं, कारण आसपास दुकानं बंद राहणार आहेत, तर कच्चंच ठेवा, शिजवून नको. पिशव्यांत घट्ट बांधून थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, वर बर्फ. बर्फ वितळत जाईल तसा नवा टाका आणि पाणी काढत राहा. सकाळी पेटीत बर्फ शिल्लक दिसला पाहिजे. कारखान्यातला हा बर्फ खाण्याचा नाही, सरबतात टाकू नका. दह्या-मसाल्यात मुरवायचं असेल तर तेही या गारव्यातच. कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की तिचं पाणी चार हातांवर उडतं, म्हणून कोशिंबिरीच्या काकड्या आणि पाण्याचा माठ तिथून दूर असू द्या. कोंबडी कापलेली विळी-पाट साबणाने धुतल्याशिवाय काकडीला वापरायची नाही.

आणि तरीही रात्री शिजवायलाच लागलं तर? एक उपाय आहे, त्याला शेजार लागतो. गंज उतरवला की लगेच मटण परातींत, पसरट डब्यांत दोन-दोन बोटं जाडीचं पसरा. मोठ्या टबात बर्फाचं पाणी घेऊन त्यात त्या पराती ठेवा आणि ढवळत राहा. तासाभरात गार होतं. मग पाच घरच्या पाच फ्रीजमध्ये डबे वाटून द्या. एकाच लहान फ्रीजमध्ये गरम गंज कोंबला तर मटण गार होत नाहीच, शेजारचं दूधही नासतं. सकाळी सगळं एकत्र करून, तळापासून ढवळत, खळाखळा उकळी आल्यावर आणखी पाच-दहा मिनिटं उकळू द्या. उरलंसुरलं परत ठेवायचं नाही.

राहिला ड्रम

पोरांचा उत्साह आम्हाला मोडायचा नव्हता. ड्रम करा, पण कोंबडी १५ तारखेलाच, जेवणाच्या तोंडावर लावा, असं सांगितलं. आणि ड्रम कुठून आणणार ते विचारलं. भंगारवाल्याकडचा निळा ड्रम, म्हणाले. आत काय होतं कुणालाच माहीत नाही. केमिकलचा, रंगाचा, औषधाचा ड्रम कितीही घासला तरी खाण्यासाठी वापरायचा नाही. जस्ताचा मुलामा दिलेला पत्राही नको, तापल्यावर त्याचा धूर माणसाला ताप आणतो. बिनरंगाचा साधा लोखंडी पत्रा नाहीतर चक्क विटांची चूल आणि वर जाळी, तेवढ्यात काम होतं.

लाकूडही तसंच. वस्तीत जळण म्हणून प्लायवूडच्या फळ्या, जुन्या खिडकीच्या रंगवलेल्या चौकटी, खोक्यांची फळकुटं मिळतात. त्यातला गोंद, रंग, वाळवीचं औषध सगळं धुरातून कोंबडीवर बसतं. पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा तर अजिबात नको. बाभळीचा कोळसा आणि आंब्याची वाळलेली लाकडं पुरतात. रस्त्याच्या दुभाजकावरची कण्हेर तोडून आणू नका, तिचा धूरही विषारी असतो.

धुरावरच्या कोंबडीत एक फसवी गोष्ट आहे. धुरामुळे मांस आतूनही गुलाबी राहू शकतं आणि बाहेरून तर ते आधीच काळपट होतं. म्हणजे रंगावरून शिजलं की नाही ते कळत नाही. मांसात खुपसायचा थर्मामीटर मिळतो; तंगडीच्या जाड भागात, हाडाला न लावता, ७४ अंश दिसले पाहिजेत. तो नसेल तर सोपा मार्ग असा. कोंबडी आधी हळद-मीठ घालून गंजात पूर्ण शिजवा आणि तशीच गरम गरम जाळीवर टाका. वीस-तीस मिनिटांत धुराचा वास आणि रंग येतो. अर्धी कच्ची शिजवून ठेवली आणि तासाभराने धुरावर लावली, असं मात्र करू नका, मधल्या तासात जंतूंचीच पंगत बसते. लवकर धुरावून बंद डब्यात तेलाखाली ठेवायची युक्तीही कुणी सांगेल. तिच्यात तर जिवाचा धोका आहे.

धुराविषयी आणखी दोन शब्द. धुरावलेलं, खारवलेलं मांस रोज खाणाऱ्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं. वर्षातून एका जेवणाची गोष्ट वेगळी, पण हौस वाढून ड्रम दर रविवारी पेटायला लागला तर हे आठवावं. आणि खाणाऱ्यापेक्षा धुरापाशी उभा राहणारा जास्त धूर घेतो. दमेकरी माणसाला आणि गरोदर बाईला तिथे बसवू नका. अवकाळी पाऊस आला म्हणून ड्रम किंवा कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावू नका. निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते, आणि माणूस उठत नाही.

आणि रात्री कुणाच्या पोटात दुखलंच तर घाबरून न जाता आधी पाणी. दुकानातली ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहा, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा. अंगावरच्या बाळाचं दूध बंद करू नका. जुलाब थांबवायची गोळी लहान मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नका. दवाखान्यात जस्ताच्या गोळ्या मिळतात, त्या चौदा दिवस द्यायच्या असतात. शौचात रक्त, ताप, सहा तास लघवी नाही, डोळे खोल गेलेले, मूल मलूल पडलेलं, किंवा एकाचे दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळता न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि तान्ही मुलं यांच्यासाठी तर वाटच पाहू नका. डॉक्टरांना सांगा काय खाल्लं, ते कधी शिजलं होतं, दुखणं कधी सुरू झालं. एकाच जेवणातून बरेच जण आजारी पडले असतील तर महापालिकेच्या दवाखान्याला कळवा आणि उरलेलं अन्न झाकून बाजूला ठेवा, तपासणीला लागतं.

पोरांनी बेत बदलला आहे. १५ तारखेला सकाळी सातला दोघं कसायाकडे, तिघं कांद्याला, एक जण आंब्याच्या लाकडांना. मोठ्या वहिनींना आम्ही हे पान छापायच्या आधी वाचून दाखवलं. त्यांनी दोन चुका काढल्या, मिठाचं एक प्रमाण दुरुस्त केलं आणि म्हणाल्या, गंज साडेआठला चढला नाही तर मी तिथून उठून जाईन.